शर्मिलाचे नमुने

निवृत्तीला आठवडा उरला असताना एका शोधनिबंधातलं चित्र पाहून श्रीकांत सरांना त्यांची जुनी विद्यार्थिनी शर्मिला आठवली. सहा वर्षांपूर्वी तिने गव्हाच्या पानांतून काढलेला आरएनए असाच तुकड्यांत दिसला होता. "नमुने सडवलेस!" म्हणत त्यांनी तिला सगळ्यांदेखत झापलं होतं, आणि तिने संशोधनच सोडलं. पण निबंधात लिहिलं होतं, हिरव्या पानातल्या हरितलवकांचा रायबोसोमल आरएनए मुळातच तुकड्यांत असतो. तिचं काही चुकलंच नव्हतं.

सर गढा नावाच्या वस्तीतल्या तिच्या शिकवणी वर्गात गेले. मुलांसमोरच म्हणाले, "चूक माझी होती, बेटा. तुझे नमुने चांगले होते."

शर्मिलाने खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "तेच तर मी सांगून राहिली होती, सर."

तिने त्यांना खुर्ची दिली. चहा मात्र विचारला नाही.