पिस्ता रंगाचं घर

धाकटी लोकांची घरं सजवायची. 'इंटिरियर डिझायनर' हा शब्द तिच्या आईच्या जिभेवर काही बसला नाही. शेजारणींनी विचारलं की आई सांगायची, "आमची थोरली बँकेत आहे, धाकटी घरं नटवते." थोरली लग्न होऊन दूरच्या गावी गेली होती. धाकटीने लग्न केलं नाही. ती याच शहरात, आईबाबांपासून बसने अर्ध्या तासावर राहायची.

तिच्या कामाला मागणी होती, कारण ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवीन सामान मारत नसे. "मासिकातलं घर उचलून इथे आणू नका," ती सांगायची. "तुमच्याकडे काय आहे ते मला दाखवा. माळ्यावरचंसुद्धा." मग कुणाच्या आजोबांची रंधा-करवत स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिमाखात लागायची, कुणाच्या मुलीने लहानपणी काढलेली चित्रं पडद्यांवर उमटायची. घर बघून लोकांचे डोळे भरून यायचे, आणि धाकटीला ते आवडायचं. खोटं कशाला बोला!

तिच्या स्वतःच्या आईबाबांचं घर मात्र होतं तसंच होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, भिंतींना पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, खिडकीखाली दिवाण, आरसा लावलेलं लोखंडी कपाट. बाबा कारखान्यात वायरमन होते. घरातली प्रत्येक तार त्यांनी स्वतः ओढलेली. दाराशेजारी भलामोठा काळा स्विचबोर्ड होता. त्यातली निम्मी बटणं कशाचीच नव्हती, आणि उरलेली कशाची आहेत हे फक्त त्या दोघा नवराबायकोंना ठाऊक. पाहुण्याने दिवा लावायला हात घातला की हमखास पंखा सुरू व्हायचा. "आमच्याकडे आधी वारा, मग उजेड," बाबा म्हणायचे.

"जगाची घरं नटवतेस," आई दर खेपेला टोमणा मारायची, "आपल्या घराला कधी हात लावणार गं?"

"बाबा लावू देतील तेव्हा."

"मी गेल्यावर लावा," बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे.

आणि ते गेले. सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसले ते बसलेच. थोरली आली, तेरावं होईपर्यंत राहिली आणि जाताना आईला बरोबर घेऊन गेली. "तिला जरा बदल होईल," ती म्हणाली. "तू तुझ्या कामात असतेस. इथे एकटी बसून ती काय करणार?"

धाकटी रिकाम्या घरात उभी राहिली. तिला रडू आलं नाही. तिच्या डोक्यात आलं ते एवढंच, की आई परत येईल तेव्हा तिला या खुर्चीसमोर, या भिंतींमध्ये पुन्हा बसावं लागू नये. तिने दुसऱ्याच दिवशी मोजपट्टी आणली.

तो सगळा उन्हाळा ती त्या घरात राबली. एरवी सुतार-गवंड्यांना फोनवर हाकणारी बाई, पण इथे स्वतः घमेली उचलत होती. स्वयंपाकघराची भिंत पाडून तिने घर मोकळं केलं. भिंती सायीसारख्या पांढऱ्या, एकच मातकट तांबूस. कपाटांना मुठी नाहीत. हलकेच दाबलं की दार उघडतं. दिवे छतात लपवलेले. बाबांच्या तारा उपटून काढल्या आणि काळ्या बोर्डाच्या जागी काचेची गुळगुळीत पट्टी बसवली, बोट टेकवलं की उजेड. जुनं सामान भंगारवाल्याने टेम्पो भरून नेलं. तिने ठेवले ते फक्त बाबांचे शर्ट. त्यांचे उशांचे अभ्रे शिवून घेतले, निळ्या चौकटीचे, राखाडी रेघांचे. घराला बाबांचा हात लागलेला राहावा म्हणून.

थोरलीला फोटो पाठवले. "काय सुंदर गं!" थोरली फोनवर रडली. मग जरा थांबून म्हणाली, "आई हल्ली एकच गोष्ट तीन-तीनदा विचारते. चष्मा फ्रीजमध्ये ठेवते. दुःखानं होत असेल ना?"

"दुःखानंच," धाकटी म्हणाली.

आई आली त्या दिवशी धाकटीने दार उघडून तिच्या मागे उभं राहायचं ठरवलं होतं. गिऱ्हाइकांच्या बाबतीत ती तसंच करायची. चेहरा नंतर बघायचा, आधी खांदे बघायचे. आईचे खांदे हलले नाहीत. ती उंबऱ्यावर थबकली, आत डोकावली आणि हळू आवाजात म्हणाली, "अगं, इथे दुसरं कुणी राहायला आलंय. चल, निघू आपण."

"आई, आपलंच घर आहे. मी केलंय. तुझ्यासाठी!"

आई आत आली. पाहुण्यासारखी सोफ्याच्या कडेवर टेकली. उशीवर हात फिरवताना तिला शर्ट ओळखू आला. तिने ती उशी छातीशी धरली आणि म्हणाली, "गेले ना गं हे." "छान केलंयस," उठताना तिने सांगितलं. शेजाऱ्यांच्या घराला म्हणावं तसं.

पुढचे दिवस कठीण गेले. आईला दिवे लावता येईनात. संध्याकाळ झाली की ती दाराशेजारी काचेवर तळहात घासत राहायची. कपाटांना मुठी नाहीत म्हणून तिच्या लेखी ती कपाटंच नव्हती. साखर सापडेना, टॉवेल सापडेना. स्वयंपाकघर कुठे संपतं आणि बाहेरची खोली कुठे सुरू होते ते कळेना, म्हणून ती हातात भांडं घेऊन मधेच उभी राहायची. आणि दिवेलागणीला पिशवी भरायची. एक पातळ चादर, कंगवा, उशी.

"मला घरी सोड."

"हेच घर आहे, आई."

"हो, पण आता माझ्या घरी सोड ना. किती दिवस लोकांकडे राहायचं?"

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि आजाराचं नाव सांगितलं. आजार आधीपासूनच होता, ते म्हणाले, घर बदललं म्हणून झालेला नाही. धाकटीने ते नीट ऐकून घेतलं. "पण अशा माणसांना जुनी जागा हाताला धरून ठेवते," डॉक्टर पुढे म्हणाले. "डोकं विसरतं तिथे पाय आठवतात." हेही तिने ऐकलं, आणि घरी जाईपर्यंत तिला तेवढंच ऐकू येत राहिलं.

तिने मिस्त्रीला बोलावलं. हा सुतार तिच्याकडे पहिल्या कामापासून होता.

"भिंत परत बांधायची?" त्याने विचारलं. "ताई, हे तुमचं सगळ्यात देखणं काम आहे."

"होतं. पाडा."

रंग मिळवायला फार त्रास पडला. दुकानदार दाखवेल तो पिस्ता एकतर औषधाच्या गोळीसारखा नाहीतर आइस्क्रीमसारखा. शेवटी न्हाणीघरातल्या गिझरच्या मागे, जिथे रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता, तिथे जुन्या रंगाचा रुपयाएवढा तुकडा सापडला. तिने तो नखाने अलगद सोडवला आणि कागदात गुंडाळून दुकानात नेला. भंगारवाल्याला शोधून काढलं. दिवाण विकला गेला होता, तसाच नवा करून घेतला. कपाट मिळालं, आरशाला तडा गेलेलं. खुर्ची कुठेच नव्हती. तशी दुसरी आणली. काळा बोर्ड मिळेना म्हणून मिस्त्रीने लाकडाचा करून दिला आणि तिने त्यावर जुन्या फोटोत बघून बटणं बसवून घेतली, निम्मी कशाचीच नसलेली. वायरमन हसला. "ताई, ही मेलेली बटणं कशाला?"

"असू द्या," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

हे काम चालू होतं तेवढे दिवस आई धाकटीच्या घरी होती. परत आणलं तेव्हा धाकटी मागे उभी राहिली नाही. पुढे होऊन तिने दार उघडलं. आई सरळ आत गेली. न बघता तिने बोर्डावरचं दुसरं बटण दाबलं. दिवा लागला.

"पिशवी ठेव तिकडे," आई म्हणाली. "मी चहा टाकते."

तिने टाकलाही. डबे तिच्या हाताला आपोआप लागत होते. नव्या दिवाणावर बसून ती म्हणाली, "काय पसारा करून ठेवलाय गं घराचा," आणि टॉवेल झटकून त्याची घडी घातली. इतक्या दिवसांनी ती घरमालकिणीसारखी कुरकुरत होती. धाकटीने स्वयंपाकघरात जाऊन थोरलीला फोन लावला. दोघी बहिणी हसत होत्या, रडत होत्या, एकमेकींचं ऐकतही नव्हत्या.

फोन ठेवून ती बाहेर आली तर आई लोखंडी कपाट उघडून उभी होती.

"यांचे शर्ट कुठे गेले?"

"आई..."

"एकही दिसत नाही. कारखान्यातून आले की घालतील काय? आणि आज इतका उशीर कसा?"

आता धाकटीच्या लक्षात आलं. त्या पांढऱ्या भिंतींच्या घरात आईला काहीच सापडत नव्हतं, पण नवरा गेलाय हे ठाऊक होतं. इथे सगळं जागच्या जागी होतं. कपाट होतं, बटणं होती, खिडकीपाशी खुर्ची होती. मग माणूस तेवढा कसा नसेल?

त्या दिवशी तिने विषय टाळला. दुसऱ्या दिवशीही टाळला. चौथ्या की पाचव्या संध्याकाळी आई जिना उतरून रस्त्यावर जायला निघाली, कारखान्यात चौकशी करायला. धाकटीने तिचा दंड धरला आणि सांगून टाकलं. "आई, बाबा गेले. आपल्याला सोडून गेले. तू होतीस इथे."

आईने तिच्याकडे बघितलं. ती जिन्यातच बसली आणि असा टाहो फोडला की समोरचं बिऱ्हाड बाहेर आलं. बाबा वारले त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. त्या दिवशी माणसं होती, धावपळ होती. आता नुसतं रडणं होतं. "मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणत होती. "मला कुणी सांगितलंच नाही." धाकटीने तिला कुशीत घेतलं आणि तिच्याबरोबर तीही रडली, उन्हाळाभराचं साठलेलं सगळं.

सकाळी आई उठली, तोंड धुतलं आणि विचारलं, "पहिली पाळी आहे का गं आज यांची?"

त्यानंतर धाकटीने तिला पुन्हा कधी सांगितलं नाही. थोरलीला ते पटलं नाही. "रोज खोटं बोलणार तू तिच्याशी?" ती फोनवर चिडली. "बाबांच्या बाबतीत?"

"तू एकदा ये. एकदा तिला सांगून बघ आणि तिचं तोंड बघ."

थोरली सुट्टी काढून आली. आईने तिलाही विचारलं, "जावईबापू कसे आहेत? आणि हे भेटले का गं तुला खाली?" थोरलीने तोंड उघडलं, बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "भेटले. दुसऱ्या पाळीला निघाले होते." मग न्हाणीघरात जाऊन तिने नळ सोडला तो बराच वेळ चालू होता.

धाकटीने स्वतःची जागा सोडली आणि तिथेच राहायला आली. दिवसा ती कामावर गेली की समोरच्या काकू आईजवळ येऊन बसायच्या. संध्याकाळी मायलेकी जेवायच्या आणि जेवण झालं की आई तिसरं ताट वाढायची. त्यावर दुसरं ताट पालथं घालायची. "उशिरा येतील. गार झालं तरी चालतं यांना, पण झाकून ठेव."

पहिल्यांदा सकाळी ते ताट तसंच दिसलं तेव्हा आई दिवसभर घाबरीघुबरी झाली होती. उपाशी गेले, बरं नसेल, कुणीतरी बघून या. तेव्हापासून धाकटी आईच्या आधी उठते. अजून उजाडायचं असतं. ती ओट्यापाशी उभी राहून ते गार जेवण जेवते. सगळं जेवते, कारण बाबा पानात काही टाकत नसत. मग ताट घासून ओट्यावर पालथं घालते.

परवा सकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने ताटाकडे बघितलं.

"जेवले?"

"जेवले, आई."

"तू जागी होतीस? काही म्हणाले?"

हे आईने कधी विचारलं नव्हतं. धाकटीच्या तोंडात अजून शेवटचा घास होता. तिने तो गिळला.

"भाजीत मीठ जास्त झालं म्हणाले."

"म्हणणारच," आई म्हणाली आणि तोंडाला हात लावून हसली. लाजल्यासारखी, नव्या नवरीसारखी. "कधी चांगलं म्हणणं माहीत नाही. आणि पान मात्र चाटून पुसून."

ती हसत हसत बाहेर गेली आणि खिडकी उघडायला लागली. धाकटीने ओटा पुसला. पुसून झाल्यावरही ती पुसतच राहिली.