फॉर्मवरचा नंबर

धाकट्या जावेला शिबिरात मीच ओढून नेलं होतं. मी आरोग्य केंद्रात नर्स. दारोदार फिरून बायकांना स्तनांच्या तपासणीला बोलावणं हे माझं काम, आणि घरचीच मागे राहिली तर मी कुठल्या तोंडाने बोलणार? तपासणी झाल्यावर ती पडद्यामागून हसत आली. "डॉक्टरीणबाईंचे हात काय गार होते हो, ताई!"

त्याला चार महिने झाले. काल भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "काखेत गाठ लागतेय आता. पण काही असतं तर कळवलं असतं ना त्यांनी?"

मी तिथूनच मोठ्या रुग्णालयात फोन लावला. निकाल तिथूनच कळवतात. कारकून बाईंनी सांगितलं, "लगेच पुढच्या तपासणीला बोलावलं होतं. तीनदा फोन केला, मेसेज टाकला. आल्याच नाहीत." कोणत्या नंबरवर, ते मी विचारलं. तो माझ्या दिरांचा होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच दिरांच्या दुकानात गेले. ते पंपाच्या मोटारीला तार गुंडाळत बसले होते.

"भाऊजी, रुग्णालयातून फोन आला होता?"

"आला होता की." मान वर नाही. "ती किती घाबरट, तुम्हाला माहीतच आहे. म्हटलं, पोरीची परीक्षा होऊ दे. मग राहूनच गेलं."

राहून गेलं! कोणाची मोटार कधी द्यायची ते हा माणूस भिंतीवर खडूने लिहून ठेवतो. एक दिवस उशीर झाला तर जेवण जात नाही त्याला. भिंतभर मोटारींच्या तारखा होत्या. बायको कुठेच नव्हती.

"गाठ तिची, जीव तिचा, आणि निरोप तुमच्या खिशात?" मी ओरडले. गिऱ्हाईक बघत राहिलं. बघू दे.

परत येताना मात्र आठवलं. तो नंबर फॉर्मवर लिहिला कोणी? मीच. जावेकडे स्वतःचा फोन आहे, पण मी विचारलंसुद्धा नाही. रांग मोठी होती, दिरांचा नंबर मला पाठ होता, आणि घरातल्या पुरुषाचा नंबर लिहायची आमची जुनी सवय.

जावेला सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "चार महिने माझ्या शेजारी बसून जेवले हे."

आज सकाळी आम्ही तिघं रुग्णालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी नंबर विचारला आणि दीर सवयीने सांगायला लागले, "अठ्ठ्याण्णव..."

"थांबा," जाऊ म्हणाली. तिने खिडकीतून पेन मागून घेतलं आणि स्वतःचा नंबर स्वतः लिहिला. मग माझ्याकडे वळली.

"ताई, त्या दिवशी रांगेत एवढ्या बायका होत्या. त्यांचे कोणाचे नंबर लिहिलेत?"

एकशे चाळीस फॉर्म मी भरले होते. मी खिडकीतल्या बाईंना म्हटलं, "त्या शिबिराचे सगळे फॉर्म काढा."