दयारामचा कान

पनवेलपासून श्रीवर्धनपर्यंत कुणाचं जुनं यंत्र बिघडलं की लोक एकच सांगत, दयाराम ठाकूरला बोलवा. हा बाबा इंजिनाला हातसुद्धा लावायचा नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "दुसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह." उघडून बघावं तर तोच! उगाच नाही लोक त्याला मानत.

आता खरं सांगायचं तर तो कान गेला होता. डावा दोन वर्षांपूर्वीच, आणि उजवाही आता जाण्याच्या वाटेवर होता. चाळीस वर्षं डोझरच्या आणि कॉम्प्रेसरच्या धडधडीत उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? पण दयारामने ते घरातसुद्धा कुणाला कळू दिलं नव्हतं. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, हसायचं, "व्हय व्हय" म्हणायचं. फोनवर तर नुसतंच व्हय व्हय. कान गेला हे कळलं तर आपल्याला कुत्रंसुद्धा विचारणार नाही, या धास्तीने तो आतून पार पोखरून गेला होता.

अशात त्याने नको ते अंगावर घेतलं. रेवदंड्याच्या बंदरावर एक जुना रोड रोलर रुतून पडला होता. कधीकाळी रस्त्याचं काम संपलं तेव्हा ठेकेदार तो तिथेच टाकून गेला आणि कोळ्यांनी त्याला होड्या बांधायला सुरुवात केली. दहा टन लोखंड, वादळातही जागचं हलत नव्हतं. पण आता होड्या धक्क्याला लागत होत्या आणि रोलर भंगारात जायचं घाटत होतं. दयारामला ते बघवेना. म्हाताऱ्या कान्हा तांडेलाला तो म्हणाला, "भंगारात घालू नका, दादा. मना द्या. नारळी पुनवेला हाच रोलर तुमच्या मिरवणुकीत पुढं चालत येल."

"शब्द?" कान्हाने विचारलं.

"शब्द."

झालं! माणूस बोलून बसला. त्याने ट्रेलर नेला, लाकडाचे ओंडके अंथरले, लोखंडी चाकं लोखंडी फळीवर घसरू नयेत म्हणून खाली वाळूची पोती टाकली आणि दिवसभर विंचने इंच इंच ओढून रोलर वर चढवला. मग अलिबाग, वडखळ, पेण करत तो उरणच्या रस्त्याला आपल्या वाड्यात आणला. पुढे तीन महिने नुसती झटापट. गंज खरवडला, पिस्टन सोडवले, लेथवाल्याकडून बेअरिंग नवीन करून घेतलं. मुलगी प्राप्ती न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेनच्या देखभालीला होती. सुट्टीच्या दिवशी तीही येऊन हात काळे करायची. पोरगी हुशार, पण बापासमोर अजून शिकाऊच.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी इंजिन चालू झालं. कान्हा तांडेल रोलरला सोबत करायला मुद्दाम रेवदंड्याहून आला होता. धुराचा लोट निघाला, इंजिनाचं मोठं चाक गरगरू लागलं आणि दयारामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्यापर्यंत आवाज कुठेतरी लांबून, गोधडीतून यावा तसा येत होता. तरी सवयीने त्याने स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले आणि मान डोलावली. "बेस!"

प्राप्तीच्या कपाळाला आठी पडली. ती त्याच्या समोर येऊन म्हणाली, "बाबा, आत ठोकतंय."

"नवीन बेअरिंग हाय. बसंल आपोआप."

"नाही बाबा, चांगलंच ठोकतंय. तूच ऐकायला शिकवलंस ना?"

"तू मना शिकवतंस?" तो खेकसला. खेकसायची वेळ नव्हती, पण भ्यायलेला माणूस दुसरं काय करणार? प्राप्ती ट्रेलरच्या साखळ्या काढायला गेली.

कान्हा ओंडक्यावर बसून हे सगळं बघत होता. तो उठला, दयारामच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर त्याने काढून घेतला आणि पडलेली एक सागवानी काठी त्याच्या हातात दिली. मग त्याच्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश म्हणाला, "आमचा बापूस वल्हं पान्यात सोडून त्याला कान लावायचा. खाली घोळ मासा असला की त्याचा आवाज वल्ह्यातून वर यायचा. म्हातारपणी त्याचा कान गेला. मग तो वल्हं दातात धरायचा. धर."

दयारामने त्याचा चेहरा न्याहाळला. म्हणजे याला कळलंय! पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर ना हसू होतं ना कीव. दयारामने काठीचं एक टोक इंजिनावर टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं.

ठक्. ठक्. ठक्. जबड्याच्या हाडात कुणी हातोडी मारावी तसं. पोरगी खरं सांगत होती. असाच चालवला असता तर मिरवणुकीत चार पावलांवर बेअरिंग जळून इंजिन कायमचं बसलं असतं.

त्याने इंजिन बंद केलं. आता डिझेलला दोष देता आला असता, लेथवाल्याला देता आला असता. ओठांवर आलंही होतं. पण प्राप्ती धावत आली, "काय झालं, बाबा?" आणि तिचा तो घाबरा चेहरा बघून त्याचा धीरच सुटला.

"मना आयकू येत न्हाय, पोरी. दोन वर्षं झाली."

प्राप्तीने हातातली साखळी खाली टाकली. मग म्हणाली, "म्हणजे फोनवर मी बोलते ते?"

"तू बोलतंस, मी व्हय व्हय करतो."

"अरे देवा! गेल्या आठवड्यात मी तुला सांगितलं, बघून गेलेल्या मुलाला मी नाही म्हणणार आहे. तू म्हणालास, व्हय व्हय. मी दिवसभर नाचत होते, बाबा किती पटकन मानला म्हणून!"

कान्हा खो खो हसला. प्राप्तीही हसता हसता रडायला लागली. दयाराम ओशाळून म्हणाला, "मंग आता समोर उभी राहून परत सांग. तेपन मी व्हयच म्हननार."

दोघांनी मिळून इंजिन उघडलं. बेअरिंग सैल बसलं होतं, नवीन करून घ्यायला निदान चार दिवस. दयाराम कान्हासमोर मान खाली घालून उभा राहिला. "दादा, शब्द मोडला माझा."

"तू ट्रेलरवर घालून तर आण," कान्हा म्हणाला. "आम्ही जन्मभर होड्या ओढल्यात. ह्याला काय शिंगं हायत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवदंड्याला रोलर उतरला. झेंडूच्या माळा चढल्या. होड्या ओढायचा जाड दोर बांधला गेला आणि पन्नास-साठ कोळी पुढे लागले. नीराबाई, कान्हाची बायको, बायकांना घेऊन दुसऱ्या दोराला लागली. "हेऽऽ इसा!" म्हणत सगळ्यांनी एकदम जोर लावला आणि दहा टनांचं लोखंड डांबरावरून सरकू लागलं. वर स्टिअरिंगला दयाराम, शेजारी प्राप्ती.

देवळापाशी सगळे दम घ्यायला थांबले. गर्दीतून मच्छीमार सोसायटीचा परेश ओरडला, "दयाराम शेट, चालत आणणार होतात ना? इंजिन का नाही सुरू केलंत?"

दयारामला त्याचे ओठ हललेले दिसले फक्त. कालपर्यंतचा दयाराम हसून "व्हय व्हय" म्हणाला असता. आज त्याने प्राप्तीकडे बघितलं. तिने प्रश्न त्याच्या तोंडासमोर सांगितला. मग तो सीटवर उभा राहिला आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"माझा कान गेलाय! इंजिन आता ही ऐकते, आणि हिनं ते अजून पास केलेलं न्हाय!"