आबांचा ठिपका

तानाबाईनं सोलापूरच्या दवाखान्यात सकाळी डोळे मिटले आणि तेव्हापासून तिच्या एकुलत्या एक लेकाला, शहाजीला, जो तो नुसतं विचारत होता. सही कोण करणार? गाडी कुणाची सांगितली? गळ्यातलं डोरलं काढून घेतलं का? मावशीनं तर रडता रडता थांबून विचारलं, "काय खाल्लंस का रे सकाळपासनं?" तो "पोहे खाल्ले" म्हणाला, तशी ती जरा नाराजच झाली. आई जाते आणि लेकाच्या पोटात पोहे जातात, हे तिनं मनात टिपून ठेवलं असणार. नातलग बाकी सगळं विसरतात, असलं काही विसरत नाहीत.

शहाजीला रडू येत नव्हतं. अंग भाड्यानं आणल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी परत करायचं, तोवर जपून वापरायचं.

शेवटी चुलत्यानं निकाल दिला. "आमी गाडीबरोबर गावाकडं निघतो. माती दिवस बुडायच्या आत. तू जा, तुझ्या बापाला घिऊन ये. न्हाय घावला तर थांबता यायचं न्हाय, आदीच सांगून ठिवतो."

गाव वेळापूरच्या अलीकडं. आणि बाप, ज्ञानबा, मेंढरं घेऊन कुर्डुवाडीच्या बाजूला. दिवाळी झाली की तो कळप घेऊन निघायचा आणि लेंडीखतासाठी शेतकऱ्यांच्या रानोरान तो बसवत फिरायचा. तानाबाई आजारी पडली तेव्हा तिनंच फोनवर दम दिला होता, "मेंढरं टाकून यिऊ नगा. मी काय लगीच मरती व्हय?" तो आला नाही. बायकोचा शब्द त्यानं जन्मात एकदाच ऐकला, आणि तो हा.

आता त्याचा फोन वाजत होता, पण उचलत कुणी नव्हतं. मात्र दिवाळीत शहाजीनं बापाच्या फोनवर एक सोय करून ठेवली होती. बाप असेल तिथं नकाशावर गोल ठिपका दिसायचा. ठिपका कुर्डुवाडीजवळ होता आणि हलत नव्हता.

"म्हणजे बसलेत कुठंतरी. चल," खालिद म्हणाला.

शहाजी टॉवेलच्या गोदामात कामाला, आणि खालिद शेजारच्या गाळ्यात मोटारसायकली दुरुस्त करायचा. त्यानं शहाजीच्या हातातून किल्ली काढून घेतली. "तू मागं बस. आज तुझ्या हातात गाडी द्यायला मी येडा नाही."

वाऱ्यात फोनमधल्या बाईचा आवाज खालिदपर्यंत पोचेना. मग शहाजी फोन कानाला लावायचा आणि ती म्हणेल तेच खालिदच्या कानात म्हणायचा. सरळ जा. पुढं डावीकडं वळा. मोहोळ गेलं, मोडनिंब गेलं. त्याला बरं वाटत होतं असं म्हणणं वाईट, पण तसंच होतं. ही बाई काही विचारत नव्हती. सांगत होती.

मोडनिंबच्या पुढं तिनं त्यांना कॅनॉलच्या कडेनं घातलं. दुचाकीला जवळचा रस्ता म्हणे. थोडं गेल्यावर रस्ता कुणीतरी नांगरून उसात घेतलेला.

"सरळ जा," शहाजी म्हणाला.

"सरळ ऊस हाय!"

"ती म्हणती सरळ जा."

"अरे यार, ती म्हणती म्हणून कॅनॉलमध्ये घालू का? या बाईनं कधी गाडी चालवली का विचार तिला!" खालिद ओरडला आणि लगेच जीभ चावली. मयत झालेल्या घरच्या माणसावर ओरडायचं नसतं. गाडी ढकलताना त्यानं तीनदा माफी मागितली. शहाजीला त्याचं ओरडणंही लागलं नव्हतं आणि माफीही.

ठिपक्याजवळ पोचले तेव्हा समोर एक पिठाची गिरणी होती. मेंढरू एकही नाही. बाई म्हणाली, आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात.

आत फळीवर, पिठानं पांढरा झालेला, बापाचा फोन चार्जिंगला लावलेला होता.

गिरणीवाली म्हाळसाबाई डोक्यावरचा पदर झटकत म्हणाली, "धनगराचाच हाय. सकाळी लावून जातो, सांजच्याला न्हेतो. रानात कुटं आलीय लाइट? सकाळधरनं नुसता बोंबलतोय बगा."

"मग उचलायचा की, मावशी!" खालिद म्हणाला.

"दुसऱ्याचा फोन? उद्या त्याची बायको मला इचारंल, तू कोण गं."

खालिदनं मान खाली घातली. शहाजीनं फोन काढून खिशात घातला. "मेंढरं कुटं गेली?"

"वड्याच्या पल्याड. धुरळा दिसतोय न्हवं?"

ज्ञानबा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मोटारसायकलवरून लेक उतरताना बघून त्यानं काही विचारलं नाही. रानात एवढ्या लांब लेक आनंदानं येत नसतो, एवढा हिशोब त्याला येत होता.

"आबा, आय गेली."

"कवा?"

"सकाळी."

ज्ञानबानं ज्वारीकडं सरकलेल्या दोन मेंढ्यांना हुर्र करून मागं वळवलं. मग म्हणाला, "फोन माजा गिरणीत हाय."

"आणलाय. चला. दिवस बुडायच्या आत माती हाय."

"आन ही?" त्यानं काठीनं कळप दाखवला. "जोडीचा शिवप्पा फुडच्या गावाला रान ठरवाय गेलाय. अंधार पडल्याबिगर यायचा न्हाय. चौबाजूनं ज्वारी उभी हाय, शाजी. शिरली तर लोक टकुरं फोडतील. तू जा. माती लेकानं द्यायची असती."

खालिद गाडीपाशी उगाच ब्रेक तपासत राहिला.

शहाजीला उत्तर शोधावं लागलं नाही. "मी तिच्या उशाशी हुतो आबा. शेवटचं पाणी मीच पाजलं. तुमी दिवाळीपासनं तोंड बघितलं न्हाय. काठी द्या हिकडं."

"लोक काय म्हनतील?"

"म्हनतील."

काय म्हणतील ते दोघांनाही पाठ होतं. आईच्या मातीला लेक नव्हता. हे शहाजीच्या लग्नात निघेल, त्याच्या पोरांच्या लग्नात निघेल, आणि मावशी त्याला पोह्यांची जोड देईल. ज्ञानबानं घोंगडी लेकाच्या खांद्यावर टाकली, काठी दिली आणि खालिदच्या मागं बसला. आयुष्यभर पायी चाललेला माणूस. त्यानं खालिदच्या पोटाला घट्ट मिठी मारली.

"चाचा, नकाशा लावू का?"

"कशाला? वेळापूरला जायाचं हाय. सांगतो की मी."

दिवस कधी बुडाला ते शहाजीला कळलं नाही. तो कळपाला बसायच्या रानाकडं वळवत होता. मेंढरं त्याचं ऐकत नव्हती. बारा वर्षं गोदामात राहिलेल्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. वाघर, म्हणजे कळपाभोवती लावायची जाळी, त्यानं ताणायला घेतली तेव्हा खालिदचा फोन आला.

"वेळेत पोचलो. चाचांनी तोंड बघितलं. पहिली मूठ त्यांनीच टाकली."

"बरं."

"तुझ्या चुलत्यानं मला धरलं होतं, लेक कुठं हाय म्हणून."

"मग?"

"मेंढरांत हाय म्हटलं. खोटं काय सुचलं नाही." मग त्यानं हळूच विचारलं, "शहाजी, रडलास का?"

"एक मेंढी लंगडती," शहाजी म्हणाला. "मागं राहिलीय. तिला उचलून आणतो."

त्यानं फोन खिशात टाकला आणि अंधारात मेंढीच्या दिशेनं चालू लागला.