समुद्राचा सुरय

महांतेश पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर काम करी. निपाणीकडून बेंगळुरूला येऊन त्याला बावीस वर्षं झाली होती. गेली पाच वर्षं दर रविवारी सकाळी तो कॅमेरा घेऊन बनशंकरीमागच्या तळ्यावर जाई. बसलेले पक्षी त्याला बरे साधत. उडते मात्र निसटत. कुठं नुसती शेपटी, कुठं अर्धा पंख, बऱ्याचदा रिकामं आभाळ.

त्या आठवड्यात पश्चिम किनाऱ्यावर वादळ झालं. शहरातही दोन दिवस वाऱ्यापावसानं कुणाला बाहेर पडू दिलं नाही. रविवारी पाऊस थांबला तशी त्याची बायको शालन म्हणाली, "मी पण येते. घरात बसून जीव आंबलाय."

तळ्यावर नेहमीचे नदीसुरय पक्षी माशांसाठी पाण्यात सूर मारत होते. त्यांच्यात एक वेगळाच होता. पाठ कोळशासारखी काळी, पोट पांढरंशुभ्र, पंख लांब निमुळते, शेपटी दुभंगलेली. तो सूर मारत नव्हता. पाण्यावर अलगद उतरे, चोचीनं काहीतरी टिपे आणि अंग न भिजवता वर उठे.

"बसू द्या की, मग काढा," शालन म्हणाली.

तास गेला. नदीसुरय दगडांवर बसून पिसं साफ करू लागले. हा बसला नाही.

महांतेशनं त्याच्यामागं कॅमेरा फिरवून पाहिला. सगळे फोटो पुसट आले. मग तो नुसता बघत राहिला. दर फेरीत पक्षी बांधाच्या कोपऱ्यावर वाऱ्याला छाती देऊन वळे आणि वळताना क्षणभर हवेतच थबके. महांतेशनं लेन्स त्या कोपऱ्यावर रोखली, श्वास धरला. पक्षी आला. शटर पडलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर पक्ष्याचा डोळा दिसत होता. चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब होता. पंखांची शेवटची पिसं वाऱ्यानं वर वाकली होती. शालन कितीतरी वेळ बघत राहिली.

"कुठला वो हा?"

महांतेशला माहीत नव्हतं. त्यानं फोटो तळ्यावरच ओळख झालेल्या श्रीविद्याला पाठवला. ती चामराजपेटेत राहायची, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. लगेच तिचा फोन आला. "अण्णा, तिथंच थांबा. मी निघालेच."

ती रिक्षातून उतरली तेव्हा पायांत घरातल्या चपला होत्या. तिनं वर बघितलं आणि मान वळवत पक्ष्याच्या दोन फेऱ्या पाहिल्या.

"समुद्रावरचा सुरय हा," शेवटी ती म्हणाली. "वादळानं इथवर आणलाय. पिल्लं वाढवायला तेवढा बेटावर उतरतो. एरवी वर्षानुवर्षं उडतच असतो. पाण्यावरही बसत नाही, पिसं भिजतात."

"मग झोपतो कधी?" शालननं विचारलं.

"उडता उडताच, स्वल्प स्वल्प."

शालननं पदर तोंडाला लावला. "दोन दिवस आम्ही दारं लावून बसलो होतो," ती हळूच म्हणाली. "आणि हा वर होता."

अकराच्या सुमाराला ढग फाटले. सुरय गोल गोल वर चढू लागला. महांतेश लेन्समधून बघत होता, पण बटण दाबायचं त्याला सुचलं नाही. पक्ष्याचा ठिपका झाला, पश्चिमेला वळला आणि दिसेनासा झाला.

"पोचेल का?" त्यानं विचारलं.

"वाऱ्यानं साथ दिली तर संध्याकाळपर्यंत," श्रीविद्या म्हणाली. "नक्की नाही सांगता येत."

चार वाजता शालननं घरी चहा आणून ठेवला. "समुद्राच्या वाटेवरचं हासन आता त्याच्या मागं पडलं असेल," ती म्हणाली.

"पुढं घाट आहे अजून," महांतेश म्हणाला.