शाफ्टवरच्या खुणा

बेकरीवाल्याच्या व्हॅनने नुसता उच्छाद मांडला होता. वेग जरा वाढला की पत्रा घुमायचा आणि मागे पाव नाचायचे. आबा मिस्त्रींच्या गॅरेजात त्यांच्या लेकीने गाडीखाली शिरून इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा लांबलचक शाफ्ट हलवून पाहिला. मध्यावर त्याला तोलून धरणारं बेअरिंग पार खिळखिळं झालं होतं.

शाफ्ट दोन तुकड्यांचा. बेअरिंग बदलायचं तर तुकडे वेगळे करायचे आणि होते तसेच पुन्हा जोडायचे. उलटसुलट झाले की थरथर कायम. म्हणून तिने जोडापाशी दोन्हींवर खडूची ठळक रेघ ओढली आणि तुकडे रॉकेलने धुवायला आबांकडे दिले. आबांचं धुणं म्हणजे काय विचारता! गंजलेला नटसुद्धा त्यांच्या हातून लग्नाला निघाल्यासारखा बाहेर पडायचा.

नवं बेअरिंग बसवून ती जोडायला घेते, तर रेघ गायब. खूण न करता शाफ्ट उघडला म्हणून याच आबांनी तिला एकदा चांगलं फैलावर घेतलं होतं. ते जाणूनबुजून रेघ पुसणं शक्यच नव्हतं. त्यांना ती दिसलीच नव्हती.

"डोळे गेले की त्या दिवशी पान्हा खाली ठेवीन," असं आबा येताजाता ठणकावायचे. बोलल्याप्रमाणे करणारा माणूस. पान्ह्याशिवाय घरात बसलेले आबा तिच्या डोळ्यांसमोर आले.

तिने अंदाजाने शाफ्ट जोडला. गाडी थरथरली. पुन्हा उतरवून एक तुकडा अर्धा फेरा फिरवून जोडला, तेव्हा कुठे व्हॅन गुमान चालली.

"काय गं, कुठे घोडं अडलं?" आबांनी विचारलं.

"खूणच करायला विसरले."

"विसरलीस? डोकं घरी ठेवून येतेस का?" आबा करवादले.

पुढच्या आठवड्यात तसंच काम आलं. या वेळी तिने खडूला हात लावला नाही. टोकदार पोलादी पंच आणि हातोडी घेऊन दोन्ही तुकड्यांच्या टोकांवर एकेक ठिपका ठोकला आणि तुकडे आबांकडे दिले. धुता धुता त्यांचा अंगठा एका जागी थांबला. तो पुन्हा मागे आला.

"त्या व्हॅनला खडू होता ना?"

तिला खोटं बोलवेना. "होता."

"आणि तो मी पुसला."

"हो."

"मग माझी बोलणी का खाल्लीस?"

"तुम्ही पान्हा खाली ठेवला असता, आबा."

आबांनी रॉकेलचे हात बराच वेळ फडक्याला पुसले. आता उठून जातात की काय, म्हणून तिचा जीव टांगणीला लागला.

"बेअरिंग बसव आणि इकडे आण," ते म्हणाले.

तिने आणून दिलं. दोन्ही ठिपके चाचपून त्यांनी अंगठे समोरासमोर आणले आणि तुकडे एकमेकांत सरकवले. जोड अलगद बसला.

"पुढच्या वेळी पंच जरा जोरात मार," आबा म्हणाले. "अंगठ्याला नीट लागला पाहिजे."