तीन नंबरची लेडल

दैवशाला घनसावंगीची. डिप्लोमा झाल्यावर ती जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका स्टील कारखान्यात लागली आणि तिच्या हातात उष्णता दाखवणारा कॅमेरा आला. भट्टीतलं वितळलेलं लोखंड ज्या लेडलमध्ये ओततात, ती भलीमोठी बादली प्रत्येक खेपेनंतर बाहेरून तपासायची. आतल्या विटा झिजल्या की पत्रा तापतो आणि कॅमेऱ्यात पांढरा डाग दिसतो.

त्या सकाळी पहिल्या खेपेनंतर तीन नंबरच्या लेडलच्या बुडाला ताटाएवढा डाग दिसला. चारशे दहा डिग्री. एरवी अडीचशेच्या वर आकडा जात नसे. तिनं कॅमेऱ्याच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो घेतला आणि शिफ्ट इनचार्ज धर्मराजला दाखवला.

"सर, ही बाजूला काढा. विटा गेल्यात."

"बाकीच्या दुरुस्तीला आहेत. भट्टी काय थंड करू?"

"फुटंल सर."

धर्मराजनं कल्याणला बोलावलं. आष्टीचा कल्याण बारा वर्षांपासून लेडलखालचं तोंड उघडून लोखंड साच्यात सोडत होता.

"मॅडम म्हणतात लेडल फुटती. तुला भ्या वाटून राह्यलं का?"

माणसं हसली. कल्याणही हसला. "न्हाई साहेब."

धर्मराजनं तिच्या हातातून कॅमेरा काढून घेतला. "हाच बिघडलाय."

ती कल्याणच्या मागं गेली. "भाऊ, आज नका उभे राहू."

"न्हाई म्हणलं तर उद्या गेटच्या आत घेत न्हाईत, ताई."

भरलेली लेडल क्रेननं साच्यावर आणली. कल्याणनं तोंड उघडायच्या दांड्याला हात घातला आणि बूड फाटलं. लोखंड फरशीवर पसरलं, त्याच्या बुटांत शिरलं.

"साचा वाचवा," धर्मराज ओरडला. "क्रेन सरकवा आधी."

दैवशाला कल्याणकडं धावली. तिनं आणि आणखी एका कामगारानं त्याला ओढून काढलं. तिनं बूट खेचला तर बुटाबरोबर कातडी आली.

त्याचे दोन्ही पाय घोट्याच्या वर कापावे लागले. चौकशीत कल्याणनं लेडलचं तोंड चुकीचं उघडल्याचं लिहिलं गेलं. दैवशालानं त्या कागदावर सही केली नाही. मोबाइलमधला फोटो घेऊन ती दवाखान्यात गेली. खाटेशी कल्याणची बायको शीतल बसली होती.

"हा दाखवते भाऊ. तुमची चूक न्हाई, हे कळंल सगळ्यांना."

कल्याणनं फोटो बराच वेळ पाहिला.

"चूक माझीच म्हणून मी लिहून दिलंय. त्याच्या बदल्यात हिला पॅकिंगमध्ये घेऊन राह्यलेत. पुसा तो."

"भाऊ, पण..."

"तुम्हाला दिसलं होतं ना? मंग क्रेनच्या आडव्या का न्हाई आल्या? बाजूला उभ्या राह्यल्या. आता खरं बोलायला माझे पाय पाह्यजेत तुम्हाला?"

शीतलनं हात पुढं केला. दैवशालानं मोबाइल उघडून तिच्या हातात दिला. शीतलनं फोटो पुसला आणि खरंच गेला का, म्हणून दोनदा विचारलं.

सोमवारी शीतल कामावर आली. पॅकिंगमध्ये जागा नव्हती. धर्मराजनं तिला भट्टीजवळची फरशी झाडायला दिली आणि दैवशालाला म्हणाला, "काम दाखवा यांना."

शीतलनं पदर खोचून झाडू घेतला.

"ते कुठं उभे होते?" तिनं विचारलं.

दैवशालानं जागा दाखवली. शीतल तिथूनच झाडायला लागली.